ताशी चार मैल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



बोलायला सांगताना संयोजकांनी बजावलं होतं, ‘पद आणि पगार सोडून काहीही सांग.’ म्हणून मी एका दिवसाबद्दल बोलणार आहे. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी ब्रिटनमधल्या एका कालव्यावर नावेतून प्रवास केला, तो दिवस. सहल मजेची झालीच, पण त्याच दिवशी आमच्या घरातला एक अवघड प्रश्न सुटायला लागला. आज इथे बसलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरात तो प्रश्न या ना त्या रूपात आहे, म्हणून तो सांगावासा वाटतो.

माझे बाबा तुम्हाला ठाऊक आहेत. पाटबंधारे खात्यात मोजणीदार म्हणून लागले आणि कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. शाळा बुडवून नीरा डाव्या कालव्यात पोहणाऱ्या मुलांचे काठावरचे कपडे गोळा करून ते थेट हेडसरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. त्या मुलांपैकी चौघं मला आत्ता समोर दिसताहेत. एकजण तर आज स्वतःच मुख्याध्यापक आहे.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. मी एकुलती एक, आणि नोकरीमुळे सतरा वर्षं मँचेस्टरजवळ राहते. बाबा पंचाहत्तरी ओलांडलेले, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, घरात एकटे. पुण्यात ज्येष्ठांसाठीच्या एका संकुलात फ्लॅट मिळत होता. तिथे जेवण, डॉक्टर, सगळं आवारात. बेल दाबली की माणूस हजर. बाबा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. ‘उन्हाळ्यात तुझ्याकडे येतो, तिथे बसून ठरवू,’ एवढंच म्हणाले.

एप्रिलमध्ये आले. आमच्याकडे मुलांची शाळा, आम्हा दोघांची ऑफिसं. बाबा दिवसभर खिडकीशी बसून रस्ता बघायचे. एकदा म्हणाले, ‘तुमच्या रस्त्यावरून माणसं जातच नाहीत गं, नुसत्या गाड्या जातात.’ फ्लॅटचा विषय निघाला की वर्तमानपत्र उघडायचे.

मे महिन्याच्या शेवटी तिथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. माझी लेक पंधरा वर्षांची आहे. तिनेच सुचवलं, ‘आजोबांनी सगळी नोकरी कालव्यावर केली ना? मग त्यांना कालव्यावरच नेऊ.’ आम्ही तीन रात्रींसाठी एक नॅरोबोट भाड्याने घेतली.

नॅरोबोट म्हणजे आगगाडीचा एखादा बारीक डबा पाण्यावर ठेवल्यासारखी नाव. लांबी ५७ फूट, रुंदी जेमतेम सहा फूट दहा इंच. आत स्वयंपाकाचा ओटा, झोपायच्या जागा, मोरी, सगळं एकामागे एक. चालवायला परवाना लागत नाही. नाव देणारा माणूस तासभर शिकवतो आणि काठावर उतरून निघून जातो. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की नाव डावीकडे वळते, तीही जरा विचार करून. ब्रेक नाही, थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं. आणि वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्याही आत. काठावरून कुत्र्याला फिरवणारी बाई आम्हाला मागे टाकून गेली, तेव्हा माझा अकरा वर्षांचा मुलगा हताश झाला. बाबा मात्र पहिल्यांदा हसले. म्हणाले, ‘सायकलवरून कालव्याची पाहणी करायचो ना, त्याच्याही निम्मा वेग.’

हे कालवे मुळात शेतीसाठी नाहीत, हे बाबांना आधी पटेना. ‘पाणी आहे, मग चाऱ्या कुठे आहेत?’ खरं तर ते माल वाहायचे रस्ते होते. १७६१ मध्ये जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने एका सरदाराच्या खाणीतला कोळसा कालव्याने मँचेस्टरला आणला आणि तिथला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग देशभर कालव्यांचं जाळं पसरलं. काठच्या पायवाटेवरून घोडा दोर ओढत चालायचा आणि एकटा घोडा पंचवीस-तीस टन माल असलेली नाव नेऊ शकायचा. पुढे रेल्वे आली, भाडी पडली. काठावरचं घर परवडेना म्हणून नावाड्यांच्या बायका-मुलं नावेवरच राहायला आली. सात फूट रुंद, दहाएक फूट लांब खोलीत अख्खा संसार.

त्या मुलांना शाळा नव्हती. आज इथे, उद्या तिथे, नाव कुठे घालणार? अखेर १८७७ आणि १८८४ मध्ये कायदे झाले. नावांची नोंदणी, खोलीत किती माणसं राहू शकतात याची मर्यादा, आणि मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष देण्याची तरतूद. हे ऐकून मुलगा म्हणाला, ‘म्हणजे त्यांना रोज सुट्टी!’ बाबा म्हणाले, ‘सुट्टी कसली? आज या गावच्या शाळेत, परवा त्या गावच्या. रोज नवा वर्ग. मास्तरांना नावसुद्धा माहीत व्हायचं नाही रे पोराचं.’ ते वाक्य माझ्या मनात राहिलं. आपण दहा वर्षं एका शाळेत बसलो, आपल्या बाईंना आपल्या धाकट्या भावंडांचीही नावं पाठ होती. त्या वेळी त्याचं विशेष काहीच वाटलं नव्हतं.

आता त्या दिवसाकडे येते. आम्ही लान्गोलेन कालव्यावर होतो. इंग्लंडमधून हा कालवा वेल्समध्ये शिरतो. आदल्या संध्याकाळी एल्समीअर गावाकडून येऊन न्यू मार्टनच्या दोन लॉकांच्या खाली नाव बांधली होती. सकाळी पहिलं काम म्हणजे ती लॉकं चढायची.

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. खाली एक दार, वर एक दार, मध्ये नाव मावेल एवढा दगडी हौद. नाव आत घ्यायची, खालचं दार लावायचं, मग विंडलस नावाच्या हँडलने वरच्या झडपा उघडायच्या. पाणी आत येतं आणि नाव साधारण एक मजला वर उचलली जाते. पंप नाही, वीज नाही. मुलगा दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून जोर करत होता. दार हलेना. बाबा म्हणाले, ‘थांब. दोन्हीकडचं पाणी सारखं होऊ दे. वीतभर फरक असला तरी दहा माणसं लावून उघडणार नाही.’ आपल्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर काढलेली पाण्याच्या दाबाची आकृती मला तिथे आठवली. दोन मिनिटांनी पाणी सारखं झालं आणि मुलाने एकट्याने दार उघडलं.

बाबांनी विचारलं, ‘एका वेळी पाणी किती लागतं?’ मी सांगितलं, साधारण २५ हजार गॅलन, म्हणजे एक लाख लिटरच्या वर. त्यांनी डोळे बारीक केले, बोटांवर काहीतरी मोजलं. ‘एक क्युसेक पाणी तासभर सोडलं तर एकरावर एक इंच बसतं. हे तासाच्या थोडं वर गेलं. म्हणजे एक नाव वर चढवायला एकरभर शेतावर इंचभर पाणी.’ मी फोनवर हिशेब करून पाहिला, बरोबर होता. लेक आजोबांकडे बघत राहिली. त्या घरात खिडकीशी बसणारा माणूस तिला माहीत होता, हा माणूस तिने पहिल्यांदा पाहिला.

वरच्या लॉकशी पोचलो तेव्हा हौद भरलेला होता आणि वरून एक नाव खाली यायला उभी होती. अशा वेळी नियम साधा आहे. पाणी ज्याच्या पातळीला आहे, त्याने आधी जायचं. तो खाली उतरतो, त्याच रिकाम्या हौदात आपण शिरतो, एक हौद पाणी वाचतं. बाबांना हे फार आवडलं. ‘पाळी त्याची आहे,’ म्हणाले, आणि हँडल घेऊन त्याला मदत करायला वर चालू लागले.

त्या नावेत एक म्हातारा गृहस्थ एकटाच होता. वय ऐंशीच्या आसपास. वर्षाचे बाराही महिने नावेवरच राहणारा. बाबांचं इंग्रजी खात्याच्या पत्रव्यवहारातलं, त्याचं त्या मुलखातलं. मध्ये दुभाषी माझी लेक. बाबांनी विचारलं, एकटं राहायची भीती नाही वाटत? तो म्हणाला, ‘सकाळी माझ्या चिमणीतून धूर निघाला नाही, तर दहाच्या आत कोणीतरी छपरावर टकटक करतं.’ कालव्यावरच्या लोकांना कोण कुठे आहे, कोणाची नाव कालपासून हललेली नाही, हे ठाऊक असतं. इतक्या हळू जाणाऱ्या माणसांना एकमेकांकडे बघितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. त्याने टोपी उचलली, बाबांनी नमस्कार केला, आणि नाव खाली निघून गेली. बाबा पुढचा तासभर काही बोलले नाहीत. पण हे गप्प बसणं खिडकीतल्यासारखं नव्हतं.

दुपारी चर्कचा जलसेतू आला. हा १८०१ चा. केरिओग नदीच्या सत्तर फूट वरून कालवा जातो आणि पलीकडचं टोक वेल्समध्ये. शेजारीच त्याहून उंच असा रेल्वेचा पूल आहे. आम्ही अर्ध्यावर असताना वरून गाडी धडधडत गेली, नाहीशी झाली, आणि आम्ही अजून अर्ध्यावरच होतो.

लगेच बोगदा. लांबी ४२१ मीटर, रुंदी एका नावेपुरती. समोरून दिवा दिसत असेल तर आत शिरायचं नाही, नाहीतर दोघंही अडकतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोग्रॅम एकमेकांची वाट बघत कायमचे उभे. मी ते नवऱ्याला उत्साहाने समजावत होते. तो सुकाणूवर, भिंत कोपराला घासू नये म्हणून आकसून उभा. म्हणाला, ‘हे उजेडात सांग.’

बोगद्यात नाव फारच हळू चालत होती. कारण बाबांनी ओळखलं. ‘पाणी उलटं वाहतंय. तुमच्या इतर कालव्यांचं उभं असतं म्हणालीस ना? हे वाहतंय.’ खरं होतं. या कालव्याला वरच्या टोकाला, लान्गोलेन गावाच्या पलीकडे, डी नदीचं पाणी मिळतं. तिथे थॉमस टेलफर्डने १८०८ मध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचा बंधारा बांधला. रोज सुमारे १ कोटी २० लाख गॅलन पाणी कालव्यात येतं आणि शेवटी चेशर परगण्यातल्या हर्ल्स्टनच्या जलाशयात जाऊन लोकांच्या नळाला पोचतं. १९४४ च्या कायद्याने या कालव्यावरची वाहतूक बंद करायला परवानगी मिळाली होती. तो बुजला नाही याचं मोठं कारण हे पाणी. बाबांनी पुन्हा बोटं मोजली. ‘बावीस क्युसेक. आपल्या एखाद्या वितरिकेएवढं. आणि टेलला पाणी पोचतंय म्हणून कालवा वाचला. बरोबर आहे. टेलचा माणूस भांडतो म्हणूनच कालवा जिवंत राहतो.’ शेजपाळीच्या याद्यांवरून टेलच्या शेतकऱ्यांशी त्यांची झालेली भांडणं मला लहानपणापासून माहीत होती. टेलच्या बाजूने त्यांना बोलताना मी प्रथमच ऐकत होते.

संध्याकाळच्या आधी पोंटकसुल्टे. उच्चाराबद्दल वेल्सच्या लोकांची क्षमा मागते. डी नदीच्या खोऱ्यावर १८ दगडी खांब, १९ कमानी, आणि त्यांच्यावर ओतीव लोखंडाची हजार फुटांहून लांब पन्हळ. पाण्याने भरलेली. खाली १२६ फुटांवर नदी. बांधकाम १७९५ ते १८०५ असं दहा वर्षं चाललं, खर्च सुमारे ४७ हजार पौंड. चुन्यात बैलाचं रक्त मिसळलं होतं म्हणतात. पन्हळ तयार झाल्यावर गळते का बघायला सहा महिने पाणी भरून ठेवली होती, असंही सांगतात. सहा महिने टेस्टिंग! आम्हाला दोन आठवडे मिळाले तरी आम्ही पेढे वाटतो.

हे काम विल्यम जेसप आणि टेलफर्ड यांचं. टेलफर्ड मेंढपाळाचा मुलगा. बाप त्याच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेला. गावच्या शाळेत शिकला आणि पाथरवट म्हणून कामाला लागला. २००९ पासून हा जलसेतू जागतिक वारसा आहे.

एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पाण्याच्या वर वीतभर लोखंडी काठ, आणि त्यापलीकडे हवा. नावेच्या तोंडाशी बसलं की आपण आभाळातून चाललोय असंच वाटतं. मी मधल्या खोलीत जाऊन चहा टाकला, कारण मला खाली बघवेना. बाबा आणि लेक पुढे बसले होते. ती त्यांचा हात धरून होती. कोणी कोणाला आधार दिला होता ते सांगता येणार नाही. बाबा लोखंडी पत्र्यांचे सांधे बघत होते. लेकीने त्यांना वाचून दाखवलं की काही वर्षांनी एकदा दोन्ही टोकं बंद करतात, मध्ये एक बूच आहे ते काढतात, सगळं पाणी खाली नदीत सोडतात आणि पन्हळ तपासतात. बाबा म्हणाले, ‘तपासतात म्हणून दोनशे वर्षं टिकली. लोखंडाने नाही टिकत.’

रात्री ट्रेवरला नाव बांधली. तिथे त्या दिवसांत नऊच्या पुढेही उजेड असतो. मी खिचडी टाकली होती. बाबा काठावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला बाहेर बोलावलं.

‘पुण्याचा फ्लॅट नको,’ म्हणाले. ‘मी आपल्या घरीच राहतो.’

मी म्हटलं, ‘बाबा, रात्री चक्कर आली तर? तिथे बेल दाबली की माणूस येईल.’

‘येईल ना. पण बेल दाबता आली पाहिजे. आपल्या गल्लीत सकाळी सातला मी दूध घ्यायला दिसलो नाही, तर न बोलावता माणूस येईल. तो सकाळचा म्हातारा म्हणाला ना, चिमणीचं? तसंच.’

‘आणि पडलात तर?’

‘पडलो तर तिथेही पडेनच.’

मी बराच वेळ काही बोलले नाही. मग आम्ही दोघांनी मिळून अटी लिहिल्या, चक्क लॉकच्या माहितीपत्रकाच्या मागे. घराची किल्ली दोन घरांत ठेवायची. मोरीत धरायला दांडे बसवायचे. रोज रात्री फोन. आणि दरवर्षी मे महिन्यात हा निर्णय पुन्हा उघडून बघायचा, पन्हळ तपासतात तसा. बाबांनी खाली सही केली, जुन्या सवयीने तारीखही घातली.

हा निर्णय योग्य आहे का, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्याकडे मध्यरात्र असते आणि फोन वाजतो, तेव्हा आजही माझ्या पोटात गोळा येतो. ज्यांनी आईवडिलांना संकुलात ठेवलं, त्यांचंही काही चुकलं असं मला वाटत नाही. प्रत्येक घराची पातळी वेगळी. माझ्या बाबांसाठी हे होतं, एवढंच म्हणेन. आता ते पाणी वापर संस्थेच्या नोंदवह्या लिहून देतात, आवर्तन सुटलं की सकाळी चारीवर चक्कर मारतात, आणि रात्री फोनवर मला क्युसेकमध्ये हवामान सांगतात.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी आठ वाजले तरी त्यांच्या व्हरांड्यातला दिवा जळत होता. दुकान उघडायला निघालेल्या आपल्याच वर्गातल्या एकाच्या ते लक्षात आलं. त्याने किल्ली आणली, दार उघडलं, बाबांना दवाखान्यात नेलं आणि मग मला फोन केला. पहिलं वाक्य असं बोलला, ‘बाबा बरे आहेत, आता पुढचं ऐक.’ रक्तदाब उतरला होता, तीन दिवसांत घरी आले. तू मला बजावलं आहेस की तुझं नाव घ्यायचं नाही, म्हणून घेत नाही. पण तू याच शाळेतून कपडे नसल्यामुळे टॉवेल गुंडाळून घरी गेला होतास, एवढं सांगायला हरकत नसावी.

मित्रांनो, आपल्यापैकी निम्मे गावाबाहेर आहेत आणि निम्मे गावात. जे बाहेर आहेत त्यांच्या आईवडिलांच्या व्हरांड्यातले दिवे गावातले लोक बघतात, न सांगता, वर्षानुवर्षं. त्याबद्दल आभार मानायला मी आज उभी आहे. आणि एक विनंती आहे. या मेळाव्याच्या नोंदवहीत आपण सगळ्यांचे फोन लिहितोच आहोत. त्यात आणखी दोन रकाने आखू या. गावात एकटे राहणारे आईवडील किंवा आपले सर-बाई कोण, आणि त्यांच्या घराची किल्ली कोणाकडे. आपल्या भूगोलाच्या बाईही आता एकट्या असतात, हे मला आज सकाळी कळलं. बाई, तुमची परवानगी असेल तर पहिली ओळ तुमची.

वही दाराशी ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी प्रत्येकाने एक ओळ भरावी.